पोटातल्या बाळापर्यंत काय पोचतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या ४८ टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास होती. या आकड्यावर बोलणं होतं ते कायद्याचं, हुंड्याचं, मुलींची शाळा सुटण्याचं. ते सगळं रास्तच आहे. पण याच आकड्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, तो पुढच्या पिढीच्या साखरेचा, रक्तदाबाचा आणि काही अंशी स्वभावाचाही. सतराव्या वर्षी दिवस गेलेल्या मुलीची स्वतःची वाढ अनेकदा पुरी झालेली नसते. ती आणि तिच्या पोटातलं बाळ एकाच ताटात जेवत असतात, आणि ताट मुळात भरलेलं नसतं.

दिल्लीसह ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका अशा पाच ठिकाणी वर्षानुवर्षं मुलांच्या मागावर राहिलेल्या अभ्यासांची माहिती २०१५ साली एकत्र मांडली गेली. एकोणीस किंवा त्याहून कमी वयाच्या आयांची मुलं जन्मतः हलकी, अधिक वेळा अपुऱ्या दिवसांची आणि दुसऱ्या वर्षी बुटकी आढळली. गरिबी आणि आईचं शिक्षण यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरला. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची उपाशीपोटीची साखरही किंचित जास्त भरली. आईचं वय आणि तिच्या लेकराची तिशीतली साखर यांचा संबंध असू शकतो, हे पन्नास वर्षांपूर्वी कुणी गंभीरपणे ऐकून घेतलं नसतं.

ऐकून घ्यायला लावलं ते डेव्हिड बार्कर या इंग्लिश डॉक्टरने. हार्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुइणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत टिपून ठेवत. बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांच्या त्या नोंदी त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांशी जुळवल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केल्या. वर्षाच्या वयाला वजन जितकं कमी, तितके हृदयविकाराने गेलेले जास्त. टीका भरपूर झाली. हलकी बाळं गरीब घरात जन्मतात, गरीब माणसं लवकर मरतात, यात गर्भाचा काय संबंध, असा आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. तो खोडून काढायला गरोदरपणापासून मोजमाप करत पुढे जाणारा अभ्यास हवा होता. तो ज्या थोड्या ठिकाणी नेटाने झाला, त्यातलं एक ठिकाण पुण्याजवळच्या सहा खेड्यांचं आहे.

केईएम रुग्णालय, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. त्यांच्याकडे येणारे रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकांतल्या रुग्णांसारखे दिसत नव्हते. वयाने तरुण, अंगाने किरकोळ, तरीही साखर चढलेली. १९९३ साली सुरू झालेल्या 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी'त लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या स्त्रियांपासून मोजणी सुरू झाली. या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, पाच फुटांच्या आसपास उंचीच्या आणि गरोदर होण्याआधी जेमतेम ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २,६६५ ग्रॅम. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन होतं साडेतीन किलोच्या घरात. एवढ्यावर कुणाला नवल वाटलं नसतं. नवल वाटलं ते कातडीखालच्या चरबीच्या मापात. पुण्याची बाळं हाडात, स्नायूत, पोटाच्या घेरात इंग्लिश बाळांपेक्षा खूपच लहान होती, पण पाठीवरच्या चिमटीतली चरबी तितकीशी कमी नव्हती. नाळेच्या रक्ताच्या तुलनेत लंडनच्या बाळांपेक्षा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त आढळलं. चरबीतून स्रवणारं लेप्टिनही वजनाच्या मानाने कमी नव्हतं. म्हणजे पहिला घोट दूध घेण्याआधीच या बाळांच्या शरीराचा हिशेब वेगळा लागलेला होता.

या प्रकाराला 'सडपातळ पण मेदयुक्त' भारतीय बाळ हे नाव जगभर मिळालं. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांचा शेजारीशेजारी उभा फोटो तेव्हापासून असंख्य व्याख्यानांत पडद्यावर झळकला आहे. वैद्यकीय नियतकालिकात इतका खेळकर पुरावा क्वचित छापून येतो.

या मुलांचा माग पुढेही ठेवला गेला. सहाव्या वर्षी दिसलं की ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर पण जीवनसत्त्व बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. दोनतृतीयांश आयांत बी-१२ कमीच होतं. दूध विकायचं, घरी चहापुरतं ठेवायचं, आणि मांस-अंडी सणावारी किंवा कधीच नाहीत, अशा खेड्यांत हे अपेक्षित होतं. सरकारी लाल गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. यावरून गोळी बंद करावी असा अर्थ कुणी काढू नये. पांडुरोग आणि बाळाच्या मणक्याचे जन्मदोष टाळायला ती लागतेच. गोळीत काय राहून गेलं आहे, एवढाच यातला प्रश्न आहे. अठराव्या वर्षी या मुलामुलींची पुन्हा तपासणी झाली तेव्हा मुलग्यांतले सुमारे ३७ टक्के आणि मुलींतल्या सुमारे १८ टक्के साखरेच्या बाबतीत आधीच रेषेपलीकडे गेले होते. आणि त्याच गटातले निम्मे जण वजनाने कमी होते! साखर म्हणजे सुखवस्तूंचं दुखणं, ही समजूत खेड्यापाड्यांत अजून मुरलेली आहे, तिला हे आकडे जागा ठेवत नाहीत.

मग दुष्काळाचं काय? मराठवाड्यात हा प्रश्न आपोआप १९७२ वर येऊन थांबतो. त्या वर्षी गावंच्या गावं खडी फोडायला गेली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली गेली, कामावर सुकडी वाटली गेली, आणि त्या धबडग्यात पोटुशा बायाही होत्या. १९७३ साली जन्मलेले परभणीकर आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्याबद्दल अनुमान करताना परदेशातले दोन दुष्काळ शेजारी ठेवून पाहावे लागतात, कारण ते दोन वेगळं सांगतात.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि शहरांतला रोजचा शिधा हजार कॅलरींच्या खाली गेला. ॲम्स्टरडॅमच्या रुग्णालयातल्या नोंदींवरून त्या काळात गर्भात असलेल्यांचा शोध घेतला गेला. मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांची साखर पन्नाशीत बिघडलेली दिसली. सुरुवातीच्या महिन्यांत झालेल्यांत हृदयविकार अधिक. लेनिनग्राडच्या वेढ्यात तर उपासमार याहून लांबली, पण तिथल्या मुलांत साखरेचा असा फरक सापडला नाही. सर्वाधिक पटणारा खुलासा असा की हॉलंडमध्ये युद्ध संपताच सुबत्ता आली, लेनिनग्राडमध्ये आली नाही. कमी अन्नाच्या अंदाजाने बांधलेलं शरीर पुढेही कमी अन्नावरच राहिलं. पुण्यात डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली आठ वर्षांच्या मुलांबद्दल जे मांडलं ते याला जुळतं. जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी वजनदार झालेली मुलं सर्वाधिक धोक्यात होती. बहात्तरच्या दुष्काळात गर्भात असलेला माणूस गावातच राबत राहिला की पुणे-औरंगाबादच्या कारखान्यात खुर्चीवर बसला, यावर बरंच अवलंबून असावं.

अन्नाची गोष्ट तुलनेने सोपी आहे. अन्न मोजता येतं. ताण मोजायचा कसा?

आधी हार्मोनचं काम पाहू. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून स्रवणारं कॉर्टिसोल हे ताणाचं मुख्य हार्मोन मानलं जातं, पण गरोदरपणात ते शत्रू नसतं. दिवस भरत येतात तसं आईच्या रक्तातलं कॉर्टिसोल दुप्पट-तिप्पट होतं आणि ते व्हायलाच हवं, कारण बाळाची फुफ्फुसं त्यानेच पिकतात. मात्र वेळेआधी आणि गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसोल बाळापर्यंत पोचू नये म्हणून वारेत एक विकर पहाऱ्याला असतं. ते कॉर्टिसोलचं रूपांतर कॉर्टिसोन या निष्क्रिय द्रव्यात करतं. एडिंबराचे जोनाथन सेकल आणि सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारास मांडलं की हा पहारा ढिला पडला तर गर्भाची वाढ खुंटते आणि त्याची स्वतःची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा कायमची वेगळ्या पातळीवर लागते. आई कुपोषित असली की हा पहारा ढिला पडतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. अन्न आणि ताण हे दोन वेगळे विषय राहत नाहीत ते इथे.

माणसांत याचा पुरावा आला तो एका अनपेक्षित वाटेने. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-वड्या चवीने खातात, आणि ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन नेमकं तेच वारेतलं विकर दाबून टाकतं. हेलसिंकीत १९९८ साली बाळंत झालेल्या ज्या बायकांनी हे खूप खाल्लं होतं, त्यांची मुलं आठव्या वर्षी शब्दांच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत मागे पडली, वागणुकीच्या तक्रारीही जास्त आढळल्या. आपल्याकडे खोकल्याला ज्येष्ठमधाची कांडी चघळायची पद्धत घरोघरची. एखादी कांडी म्हणजे फिनलंडचं आठवड्याचं प्रमाण नव्हे. पण गरोदर बाईला रोजचा ज्येष्ठमधाचा काढा 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून कुणी देत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

कृत्रिम स्टेरॉइडची कथा याहून महत्त्वाची, कारण ती सरकारी दवाखान्यापर्यंत येते. ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवलं की अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचा श्वास वाचतो. असंख्य जीव त्याने वाचले. भारत सरकारने २०१४ साली उपकेंद्रातल्या नर्सलाही डेक्सामेथासोन देण्याची मुभा दिली. त्याच सुमारास सहा देशांत एक मोठी चाचणी चालली होती. भारतातली तिची ठिकाणं होती नागपूर आणि बेळगाव. २०१५ साली निकाल आला तो धक्कादायक होता. खेड्यापाड्यांत सरसकट वापर वाढवल्याने लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. दिवसांची नीट मोजणी नसताना ज्यांना गरज नव्हती अशाही अनेकींना इंजेक्शन मिळालं होतं. पुढे सोनोग्राफीने दिवस नक्की करून, सुसज्ज रुग्णालयांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत फायदा पुन्हा दिसला. फिनलंडमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०२० साली हेही आढळलं की असं इंजेक्शन मिळूनही पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत मानसिक आणि वर्तनविषयक निदानं जास्त होती. हार्मोन तेच, पण वेळ चुकली की त्याचं काम बदलतं.

आता ताणाकडे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हजारो कुटुंबांच्या अभ्यासात, गरोदरपणाच्या उत्तरार्धात सर्वाधिक चिंतेत असलेल्या आयांच्या मुलांत चौथ्या वर्षी वागणुकीच्या आणि भावनिक अडचणींचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. पण चिंताग्रस्त आई मुलाला आपली जनुकंही देते आणि जन्मानंतरचं घरही देते, मग दोष गर्भकाळाचा कसा मानायचा? कार्डिफच्या संशोधकांनी यावर नामी उपाय काढला. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून गर्भधारणा झालेल्या आया त्यांनी निवडल्या. इथे आई बाळाला नऊ महिने वाढवते, पण तिचं जनुकीय नातं नसतं. आईच्या ताणाचा आणि कमी जन्मवजनाचा संबंध या जोड्यांतही टिकला, आक्रमक वागण्याशीही टिकला. अतिचंचलतेचा संबंध मात्र फक्त रक्ताच्या जोड्यांत दिसला, म्हणजे तिथे बहुधा जनुकं बोलत होती. ताणामुळे सगळं होतं आणि ताणाने काहीच होत नाही, या दोन्ही दाव्यांना हा अभ्यास पुरून उरतो.

सगळ्यांत विचार करायला लावणारा दाखला कॅनडातला. जानेवारी १९९८ मध्ये क्यूबेक प्रांतात बर्फाचं वादळ झालं, वीज गेली, काही घरांत ती महिनाभराहून जास्त आली नाही. सुझान किंग यांच्या गटाने त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांकडून दोन गोष्टी विचारून घेतल्या. किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, नुकसान किती, ही एक. आणि मनाला किती त्रास झाला, ही दुसरी. मुलांचं साडेपाचव्या वर्षीचं वजन आणि तेराव्या वर्षी जनुकांवर आढळलेल्या रासायनिक खुणा यांचा संबंध पहिल्या प्रश्नाशी लागला, दुसऱ्याशी नाही. आई किती घाबरली यापेक्षा तिच्यावर प्रत्यक्ष काय गुदरलं, हे मुलाच्या शरीरात उमटलं होतं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या विषयावर जे काही बोललं-विकलं जातं, ते बहुतांशी दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतं. गर्भसंस्काराचे वर्ग, ध्वनिमुद्रिका, ॲप. अभिमन्यूची कथा सगळ्यांना पाठ असतेच. आईने प्रसन्न राहावं, चांगलं वाचावं, रागावू नये. यात वाईट काही नाही, आणि संगीत ऐकून कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. पण पोर चिडकं निघालं, अशक्त निघालं, तर 'दिवस असताना हिने नीट काळजी घेतली नाही' हे वाक्य याच वाटेने येतं. २०१४ साली 'नेचर'मध्ये सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी लेख लिहून हाच इशारा दिला होता, की गर्भकाळाच्या संशोधनाच्या बातम्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात, आणि बाप, घर, मालक, सरकार यांची नावंही निघत नाहीत.

गोव्यातला अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. म्हापशाच्या एका रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणापासून २७० बायकांचा माग ठेवला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. गरोदरपणीच मन खचलेलं असणं, नवऱ्याची मारहाण, गरिबी आणि मुलगी होणं, ही त्यामागची कारणं निघाली. गरोदरपणी मन खचलेल्यांच्या बाळांत कमी वजनाचं प्रमाण जास्त होतं, आणि बाळंतपणानंतर खचलेल्यांची मुलं सहाव्या महिन्यात दुपटीहून अधिक वेळा कमी वजनाची आढळली. या यादीतली किती कारणं प्रसन्न राहून दूर होतील?

ताण उतरवायला बाया जे करतात तेही इथे मोजायला हवं. मिश्री हे त्यातलं एक. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड दातांना लावली की भूक मरते, डोकं शांत होतं, असं बाया सांगतात. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ज्या मुलखात सरासरी बाळच अडीच किलोच्या रेषेला टेकलेलं असतं, तिथे शंभर ग्रॅम थोडे नव्हेत.

मग काय केल्याने फरक पडतो? मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी 'सारस' प्रकल्पात साडेसहा हजार स्त्रियांना, दिवस जाण्याआधीपासून, रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं. एकूण बाळांच्या वजनात फरक नगण्य निघाला. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्लेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, आणि तपासलेल्यांत गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळला. अत्यंत किरकोळ बायकांच्या बाळांना वजनाचा फायदा मिळाला नाही, हेही संशोधकांनी लपवलं नाही. पुण्याच्या खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेल्या त्याच मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ देण्याची 'प्रिया' चाचणी झाली. त्यातल्या ज्या मुलींना नुसतं बी-१२ मिळालं, त्यांची मुलं दोन-तीन वर्षांच्या वयात आकलनात आणि भाषेत थोडी सरस ठरली. फरक मोठा नाही. पण आजी, आई, मूल अशा तीन पिढ्यांची मापं एकाच वहीत असलेले अभ्यास जगात फार नाहीत.

परभणीचा स्वतःचा वाटा इथे ज्वारीतून येतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर २०१८ साली 'परभणी शक्ती' हा वाण दिला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, यात ४५. जस्त २० ऐवजी ३२. पांडुरोगाने फिकुटलेल्या गरोदर बायांच्या जिल्ह्यात तयार झालेला हा वाण खरोखर कौतुकाचा. अडचण एवढीच की तो खरिपाचा आहे आणि परभणीचं खरीप आता सोयाबीन-कापसाचं झालं आहे. भाकरीला लोकांना लागते ती रब्बीची शाळू. शिवाय कोणत्याच धान्यात बी-१२ नसतं. ते दूध, दही, अंडं, मासळी-मटण यातूनच यायचं, किंवा गोळीतून.

उरतो तो सगळ्यात जड ताण, जो अक्षरशः डोक्यावर असतो. पुण्याच्याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी गरोदर बायकांच्या रोजच्या कामांची मोजदाद केली होती: शेतातली मजुरी, पाणी भरणं, धुणं, बाकी घरकाम. काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान, त्याचं डोकंही लहान. ही पश्चिम महाराष्ट्रातली, गावात घर असलेली बाई. गंगाखेड-पालमच्या बालाघाट पट्ट्यातून आणि जिंतूरकडून ऊसतोडीला जाणारी बाई हिच्यापुढे कुठे उभी राहील? मुकादमाकडून उचल घेतली ती जोडीच्या नावाने. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला दिवस गेले म्हणून कोयता अर्धा होत नाही. पहाटे अंधारात फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, फळीवरून डोक्यावर वाहून ट्रकमध्ये चढवायच्या. खाडा झाला तर पैसे कापले जातात. खोपीत संडास नाही, पाणी लांबून. २०१७ साली प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण मुकादमाच्या वहीत नाव असलेल्या बाईचा मालक कोण, हेच ठरत नसल्याने ती रजा तिच्यापर्यंत येत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बायांच्या शरीरावर या धंद्याचं ओझं किती, हे सरकारला तेव्हा कागदावर पाहावं लागलं. पोटातल्या बाळावर किती, याची मोजणी त्याहून कितीतरी सोपी आहे, कारण प्रत्येक बाळाचं जन्मवजन कुठेतरी लिहिलं जातंच.

आणि साखरेची तपासणी तर हाताशीच आहे. म्हैसूरच्या एका दीर्घ अभ्यासात गरोदरपणी मधुमेह असलेल्या आयांच्या साडेतेरा वर्षांच्या मुलांना अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. बाकी मुलांपेक्षा त्यांच्या रक्तदाबाची उसळी जास्त होती. आईची साखर आणि मुलाची ताण सोसण्याची रीत यांचा असा धागा निघतो. केंद्र सरकारच्या सूचनेनुसार प्रत्येक गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी साखर मोजायची, नाव नोंदवताना एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा. पहिल्या वेळी साखर ठीक असली तरी दुसरी तपासणी चुकवायची नाही, कारण वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा जोर याच आठवड्यांत कमी पडायला लागतो. श्रावणात दिवस राहिलेल्या आणि दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघालेल्या बाईचे हे आठवडे माघ महिन्याच्या आसपास येतात, आणि तेव्हा ती सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडावर असते. तिचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत असतं. फडाजवळच्या उपकेंद्राच्या वहीत नसतं.